सहाही पाय शाबूत

"मेलेल्यांना लाकडी पेटी, खाली मऊ बूच, वर काच. आणि जिवंत माणसाला तीन पायांचं स्टूल. तेही डुगडुगतं."

शिपाईमामा हे कोणाला उद्देशून म्हणत नव्हते. तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर बसून ते खणांच्या काचा पुसत होते, आणि पुसता पुसता त्यांच्या तोंडून कुरकुर गळत होती, वायसर गेलेल्या नळातून पाणी गळावं तशी. बारा वर्षं ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. कुरकुर थांबली की तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

"मामा, पेटी हवी असेल तर आधी मरावं लागतं."

"तेवढं जमवीन मी. पण मग तुम्ही टाचणी खुपसणार, त्याची धास्ती वाटते."

संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचा हा कीटकविभाग. तिला इथे सगळे टाचणीबाई म्हणत. पदवी वगैरे काही नव्हती. थोरला भाऊ विभागप्रमुख, नवरा रानावनात हिंडून किडे गोळा करणारा. घरात दोघांच्या बोलण्यात जे कानावर पडलं ते आधी कानानं शिकली, मग जुन्या याद्या चाळून डोळ्यांनी, आणि शेवटी हातानं. भुंगेऱ्याला टाचणी नेहमी पाठीवरच्या उजव्या ढालीतून घालायची. डावीतून नाही, मधोमध तर नाहीच. टोचताना जरा चुर्र होतं. मग सहा पाय एकेक करून जागेवर बसवायचे, आणि टाचणीत खाली इवलंसं लेबल ओवायचं: कुठे सापडला, कधी सापडला, कोणी पकडला. बाटलीतल्या विषाच्या वाफेत भुंगेरा किती वेळ धडपडतो हे ती घड्याळाकडे न बघता सांगू शकायची. आधी पाय जोरात झाडतो. मग थांबतो. मेला असं वाटतं, आणि तेवढ्यात एक पाय पुन्हा उचलतो. त्या शेवटच्या पायापर्यंत झाकण उघडायचं नसतं.

हे सगळं ती डाव्या हातानं करायची. उजवं मनगट सहा वर्षांपूर्वी मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं. दारात सापडलं, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं, आणि अख्ख्या मजल्यानं ते जसंच्या तसं उचललं. मामा एकटे तेव्हा म्हणाले होते, "दार फार वाईट," आणि पुढे काही बोलले नव्हते.

साडेअकराच्या सुमारास दादा आला. तिच्यापुढे एक लहान पेटी ठेवली. पेटी ठेवताना त्याची बोटं कडेवर जरा जास्त वेळ रेंगाळली.

"डावीकडचा तो मूळ नमुना. लाल लेबल लाव. चारनंतर निबंध पाकिटात घालतो, उद्या सकाळच्या टपालानं जाईल."

"एवढी घाई?"

"घाई कसली. दोन वर्षं झाली."

दादा हा तसा मवाळ माणूस. मुंगी वाटेत आली तर पाऊल आवरून धरणारा, आणि मग वाकून तिला बाटलीत घालणारा. पण लेबलाच्या बाबतीत त्याच्या अंगात यायचं. एकदा एका शिकाऊ पदवीधरानं लेबलावरची तारीख अंदाजानं टाकली. दादानं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की पोराचा चष्मा कपाटाखाली गेला. चष्मा काढायला दादाच पोटावर आडवा झाला, आणि तिथूनच, जमिनीला गाल लावून, म्हणाला, "माणसानं घरी खोटं बोलावं, साहेबाशी बोलावं, लागलं तर देवाशीही बोलावं. पण लेबलावर नाही." लेबल एकदा टाचलं की काढायचं नाही, हाही त्याचाच दंडक. चूक सापडली तर खाली दुसरं लावा. पहिलं तसंच राहू द्या. लेबल नसलेला किडा म्हणजे केरात काढायची वस्तू.

पेटीत चार भुंगेरे होते. काळे कुळकुळीत, अंगठ्याएवढे, पुढे चिमट्यासारखे जबडे. चिमट्याच्या आतल्या बाजूला एक दात जास्त होता, आणि त्या एका दातापायी ही आजवर कोणी न नोंदलेली जात ठरली होती. हे नर एकमेकांना त्या चिमट्यात धरून खोडावरून खाली फेकतात. फेकल्यावर वर उरलेला एकटाच बसून राहतो.

जात नवी, तेव्हा नाव नवं, आणि ते ज्या एका किड्यावर कायमचं टेकतं तो मूळ नमुना. नाव ठरलं होतं: तिच्या नवऱ्याचं. त्याच्या नावाला लॅटिन शेपूट लावून दादानं ते कागदावर उतरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ज्या दरीत नवरा पाय घसरून गेला, त्याच दरीतला हा भुंगेरा. मग याहून योग्य काय, असं सगळे म्हणाले. खालच्या उपाहारगृहातल्या बाईचे डोळेसुद्धा भरून आले. नवरा होताच तसा. सगळे त्याला वाघ म्हणायचे. साप दोनदा चावलेला, कड्यावर दोराशिवाय चढणारा, शिपायाच्या पोराला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरणारा, हसला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाणारा. तिची सासू रोज सकाळी चहाचा कप पुढे सरकवत विचारायची, "छापून आलं का गं त्याचं नाव?" गल्लीत तिनं चौघींना सांगूनही ठेवलं होतं.

आणि नाव एकदा छापून आलं की संपलं. या शास्त्रात माघार नाही. नाव भलतंच निघालं, ज्याचं नाव दिलं तो माणूस नालायक निघाला, तरी पहिलं नाव तेच खरं. पुढच्या हजार वर्षांत ज्याला तो भुंगेरा दिसेल त्यानं तेच नाव घ्यायचं. तिला 'नको' म्हणायला तीन आठवडे मिळाले होते. पण 'नको' म्हटलं की 'का' आलं, आणि त्या 'का'च्या उत्तरावर घरातले सगळे अकरा वर्षं मूग गिळून बसले होते.

तिनं त्या माणसाचीही एक ओळखकिल्ली केली होती. किडा ओळखायला करतात तशीच: दोन लक्षणं द्यायची, जे जुळेल त्याच्या आकड्याकडे जायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मनातल्या मनात. एक: बूट जागेवर काढले, तर दोनकडे जा, भिरकावले, तर तीनकडे जा. दोन: शीळ घालत आला, तर ताट वाढावं, शीळ नसेल, तर तीनकडे जा. तीन: आईला हाक मारली, तर आज वाचलीस, हाक मारली नाही, तर दाराजवळ उभं राहू नये. किल्ली उत्तम होती, दहादा पडताळलेली. एकच खोट होती: ओळख पटली म्हणून जनावर चावायचं राहत नाही. मनगट मोडलं त्या दिवशी ती दाराजवळ उभी नव्हतीच. त्यानं तिला मनगट धरून दारापर्यंत नेलं, हात चौकटीत ठेवला, आणि दुसऱ्या हातानं दार ओढलं. एकदा नीट लागलं नाही म्हणून पुन्हा ओढलं. आवाज कोरड्या भुंगेऱ्यात टाचणी घालताना होतो तसाच होता, फक्त मोठा. मग तो म्हणाला, "बघ, दारात सापडला हात. जपायला नको का?" आणि स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरसमोर तिच्या केसांवरून हात फिरवत होता.

तिनं चिमट्यानं डावीकडचा भुंगेरा उचलला. लाल लेबल ओवायचं तर आधी टाचणीवरचं पहिलं लेबल जरा वर सरकवावं लागतं. ते सरकवताना सवयीनं तिनं भिंगाखाली वाचलं.

पेन्सिलीतलं दादाचं अक्षर, डाळीएवढं. दरीच्या वरची कपार. कुजलेलं खोड, फोडल्यावर. खाली तारीख. खाली दादाचं नाव.

तारीख तिनं दोनदा वाचली. मग भिंग पुसलं आणि तिसऱ्यांदा वाचली. तारखा तिच्या ध्यानात राहत नसत, पण ही एक राहिली होती. त्या दिवशी वाघ त्याच कपारीवरून पडला होता. आणि दादानं चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला, घरच्यांना, सगळ्यांना सांगितलं होतं की तो दिवसभर खाली तंबूत तापानं फणफणून पडला होता, वर गेलाच नव्हता. चौकशी दोन ओळींत मिटली होती.

"काय झालं?" मामांनी विचारलं. "मिशी तुटली?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं शाबूत आहे."

दादाच्या खोलीत तिनं दार आतून लावलं. दाराचा आवाज होऊ न देता. ती सवय आता जन्माची होती.

"ही तारीख बरोबर आहे?"

दादानं चष्मा काढला. पेटीकडे पाहिलं नाही. "माझं लेबल आहे ते."

"म्हणूनच विचारते."

"मग बरोबर आहे."

बाहेर मामांनी कुठलं तरी कपाट लोटलं. दादा टेबलाच्या कडेवर अंगठ्यानं रेघ ओढत राहिला, ओढतच राहिला.

"बाकीचे तीन आहेत ना," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आणलेले. त्यातला एखादा मूळ नमुना केला असतास, तर ही तारीख कोणाच्या नजरेलाही पडली नसती."

"एकाला मिशी नाही. एकाचे दोन पाय गळलेत. तिसऱ्याचा जबडा मोडका आहे." दादा परीक्षा देत असल्यासारखा म्हणाला. "मूळ नमुना पूर्ण असावा. याचे सहाही पाय शाबूत आहेत."

तिला हसू आलं. खरंच आलं, आणि ते आल्याची तिला लाज वाटली. असं फक्त यांच्याच घराण्यात घडू शकतं. माणूस फासावर जाईल, पण तुटक्या पायाचा नमुना छापणार नाही.

"सांग," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. फारसं थांबला नाही. दोन वर्षं त्यानं ते मनात इतक्यांदा म्हटलं असणार की शब्द गुळगुळीत झाले होते.

"मोहिमेवर निघायच्या महिनाभर आधी तू जबडा सुजवून कामावर आली होतीस. दाढ म्हणालीस. मी ऐकलं. ऐकायला माझं काय जात होतं. वर कपारीत आम्ही खोड फोडत होतो, कुऱ्हाड त्याच्याकडे, खुरपं माझ्याकडे. मी नुसतं म्हणालो, जरा हात आवर. एवढंच. तो हसला. तसाच, मोठ्यानं. म्हणाला, 'मेहुणे, दार सगळ्यात बरं. दार आपलं आपण लागतं. उद्या शपथ घ्यायची वेळ आली तरी घेता येते.'"

तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

"मी खुरप्याची दांडी त्याच्या तोंडावर घातली. दात तुटल्याचा आवाज आला. तो पडला नाही. वाघच होता. कुऱ्हाड घेऊन आला, माझ्या डोक्यावर उगारली, मी बाजूला झालो, ती खोडात रुतली. मग आम्ही नुसत्या हातांनी. त्यानं माझ्या मानेत बोटं रोवली, मी त्याचं डोकं धरून खोडावर आपटलं. एकदा नाही. किती वेळा ते मोजलं नाही. त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि तरी तो मला ढकलत होता, आणि मग त्याचा पाय गेला. तेवढं मात्र खरं सांगितलं होतं. पाय घसरला."

"मग?"

"मुळाला धरून लोंबकळत होता. एका हातानं. दुसरा हात वर केला. म्हणाला, 'दादा, हात द्या.' मी दिलाही असता गं. पुढे केलाच होता. तेवढ्यात मला त्याचा पंजा दिसला, आणि तुझं मनगट आठवलं. मी हात खिशात घातला."

खोलीत नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. रोजचाच.

"खिशात बाटली होती," दादा म्हणाला. "विषाची. मुळाला फार वेळ धरता आलं नाही त्याला. खाली पडल्याचा आवाज यायला उशीर लागतो, फार उशीर लागतो. मी तिथेच बसलो. आणि त्या फुटलेल्या खोडातून हा बाहेर आला. रक्तातून चालत. ओले ठसे उमटवत. मी पाहिलं, चिमट्याला एक दात जास्त आहे. आणि बाटली उघडली."

"तू किडा पकडलास."

"दुसरं काही येतं का मला? खाली आलो, लेबल लिहिलं. मग तंबूत पडलो आणि दोन दिवस उठलो नाही. ताप खरा होता. फक्त एका दिवसानं उशिरा आला."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली.

उजव्या हातानं मारली, त्यामुळे कळ त्याच्या गालापेक्षा तिच्याच मनगटात जास्त गेली. मग दुसरी मारली, त्याच हातानं. तिसऱ्या वेळेला त्यानं तिचा हात हवेतच धरला. अडवायला नव्हे, तिला लागतंय हे त्याला दिसलं म्हणून. त्या मोडक्या मनगटाला त्याचा हात लागण्याची सहा वर्षांतली ही पहिलीच वेळ. हाड जिथे उंचवटा होऊन जुळलं होतं तिथे त्याचा अंगठा आला, आणि त्यानं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मला विचारलंस का कधी?" ती म्हणाली. "माझ्यासाठी माणूस मारलास. एकदा येऊन विचारायचं होतंस, छोटे, दुखतंय का?"

"तू तरी सांगितलंस का कधी?"

"दाढ म्हटलं तर तू लवंगेचं तेल आणून दिलंस."

दादा खुर्चीत बसला.

"आणि वर त्याचं नाव देतोस याला."

"घोकायला लागावं म्हणून," दादा हळू म्हणाला. "मला. रोज. नाव छापलं की त्याच्यापाठोपाठ माझंही येतं ना, नाव देणाऱ्याचं. आधी त्याचं, मग माझं. एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. आणि तारीख निबंधात छापली जाईलच. ज्याला वाचायचं तो वाचेल. तोंडानं मला जमत नाही. लेबलावर जमतं."

तिला कळलं. या माणसानं दोन वर्षं खपून कबुलीजबाब लिहिला होता, जबड्याच्या मापांसकट, आकृत्यांसकट. आणि त्यात तिची जागा कुठे होती? कुठेच नव्हती. मेलेला होता, मारणारा होता. जिच्या पायी हे सगळं झालं तिनं फक्त लाल लेबल लावायचं होतं.

"तुला शिक्षा हवी तर घे," ती म्हणाली. "पण ती माझ्या हातून टाचून घेऊ नकोस. हजार वर्षं लोक त्याचं नाव कौतुकानं घेणार. पोरं पाठ करणार. आणि मी रोज सकाळी येऊन त्या खणाची काच पुसू? अकरा वर्षं मी त्याच्या नावाचा आवाज ऐकून भिंतीला लागत होते, दादा. मी हे लेबल लावणार नाही."

"मग नाव बदलू. अजून छापलेलं नाही, म्हणजे अजून कायद्यानं काहीच झालेलं नाही." तो थांबला. "पण घरी तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं?"

तेच तर होतं. आडात असून पोहऱ्यात येत नव्हतं.

चार वाजता दोघं तिच्या घरी, सासूशी बोलायला निघाली. मूळ नमुना इमारतीबाहेर न्यायचा नाही, असा नियम दादानंच लिहून भिंतीवर लावला होता. त्या पाटीखालून तो पेटी कापडी पिशवीत घालून बाहेर पडला. दाराशी मामा उभे होते.

"पिशवीत काय आहे, म्हणून मी विचारलेलं नाही," मामा म्हणाले.

"नाही विचारलंत," ती म्हणाली.

"आणि दादांचा गाल का लाल आहे, हेही नाही विचारलं." मग तिच्या हाताकडे बघून हलकेच, "दार वाईट नव्हतं बाई. मला तेव्हाच माहीत होतं. बोललो असतो तर बरं झालं असतं."

बसमध्ये दादा पेटी मांडीवर घट्ट धरून बसला होता. प्रत्येक खड्ड्याला त्याचे ओठ हलत. सहा पाय मोजत असावा.

घर दोन खोल्यांचं, मधे एक भिंत, भिंतीत ते दार. दाराला नवा रंग दिला होता. बाहेरच्या खोलीत फळीवर रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल. मुलगा गेला त्या दिवसापासून सासूनं रेडिओ लावला नव्हता. एके काळी दिवसभर चालायचा, संध्याकाळी तर एवढा मोठा की खालचे भाडेकरू काठीनं छत ठोकायचे. आता बंद. शोक आहे म्हातारीचा, लोक म्हणत, कमी ऐकू येतं तिला, असंही म्हणत, आणि म्हातारी काहीच म्हणत नसे.

"आज दादाही?" सासू खुर्चीतून उठत म्हणाली. "छापून आलं वाटतं. बसा, बसा. ही तर असं तोंड करून आलीय जसं नाव तिच्या खिशातून सांडलंय. गाल कशानं सुजला हो तुमचा?"

"दाढ," दादा म्हणाला.

तिनं दादाकडे पाहिलं. दादानं मान खाली घातली.

"आई," तिनं सुरुवात केली, "त्या नावाचं... आम्ही विचार केला..." आणि पुढचं वाक्य सापडेना. अकरा वर्षं वापर नसलेली वाट. तिथे गवत माजलेलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. "ते नाव..."

"आधी किडा तर बघू द्या," सासू म्हणाली. "माझ्या मुलाचं नाव ज्याला देताय तो दिसतो कसा?"

दादानं पेटी काढली, टेबलावर ठेवली, झाकण उघडलं. मग आपलं भिंग सासूच्या हातात दिलं. नको म्हणायला टाचणीबाईनं तोंड उघडलं होतं, पण दादाच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. त्याला जे तोंडानं जमत नव्हतं ते तो त्याच्या रीतीनं करत होता.

म्हातारी वाकली. भिंगामागे तिचा डोळा मोठा झाला.

"दात आहेत की याला," ती म्हणाली. "आणि ताकद. अंगावर येईल असा दिसतो." भिंग खाली सरकलं. "हे काय खाली? अक्षर आहे? केवढंसं लिहिता तुम्ही लोक... दरीच्या वरची..."

ती वाचत गेली. ओठ हलत होते. तारखेशी ओठ थांबले. ज्या बाईला रोजचा वार विचारून घ्यावा लागे, तिला ही तारीख भिंगाशिवायही वाचता आली असती. मग तिनं खालचं नाव वाचलं. भिंग तसंच धरून मान वर केली, त्यामुळे तो मोठा झालेला डोळा एक क्षण दादावरच रोखला गेला.

"तुम्ही तंबूत होतात," ती म्हणाली.

"नव्हतो."

"त्याचे दात तुटलेले होते. मला म्हणाले, दगडावर पडला."

दादानं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, उघडे, लोक पाहतील असे.

सासूनं भिंग खाली ठेवलं. अगदी हलकेच, काच वाजू नये म्हणून. ती ओरडेल, अंगावर धावून जाईल, बाहेर जाऊन चौघींना हाका मारेल; टाचणीबाईनं मनातल्या मनात नवी किल्ली करायला घेतली आणि तिला एकही लक्षण जुळेना. म्हातारी उठली. फळीपाशी गेली. रेडिओवरचा रुमाल काढला, त्याची घडी घातली, घडी मोडली, पुन्हा घातली. तिची पाठ त्या दोघांकडे होती. समोर दार होतं.

"मुलगा होता माझा," ती म्हणाली. "तुम्हाला मी काय म्हणायचं ते उद्या म्हणेन. आज माझ्या तोंडून निघणार नाही."

मग ती वळली आणि सुनेकडे आली. तिनं सुनेचा उजवा हात उचलून टेबलावर, पेटीशेजारी, दिव्याखाली ठेवला. मनगटावरचा उंचवटा झाकला जाऊ नये अशा बेतानं बाही मागे सारली.

"त्याचं नाव नका देऊ या जनावराला," सासू म्हणाली. "तो हिला मारायचा. त्या खोलीत. मला सगळं ऐकू यायचं, आणि मी इथे बसून रेडिओ मोठा करायचे."